निर्वासितांच्या वाटा संगणकावर मांडताना: नव्याने येणाऱ्यांसाठी अनुभव

संख्याशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेऊन मी स्थलांतराच्या अभ्यासाकडे वळलो, तेव्हा पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा चांगली आली की बाकीचे आपोआप जमेल, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात पायथन काही महिन्यांत हाताशी आले. समोरचा आकडा कोणी, कधी आणि कसा मोजला हे विचारण्याची सवय लागायला मात्र बराच काळ गेला.

आधी एका शब्दाचा खुलासा करतो. आपल्याकडे ‘एजंट’ म्हटले की आखातात माणसे पाठवणारा मध्यस्थ डोळ्यांसमोर येतो. सिम्युलेशनमधला, म्हणजे संगणकावर मांडलेल्या स्थलांतराच्या प्रतिकृतीतला, एजंट म्हणजे स्वतः वाट तुडवणारा माणूस किंवा कुटुंब. दोन देशांची लोकसंख्या आणि त्यांमधील अंतर यांवरून प्रवाहाचा अंदाज बांधणारी जुनी सूत्रे आजही उपयोगी आहेत. पण एक घर निघाले आणि शेजारचे थांबले, ते का, हे त्यांतून कळत नाही.

माझा अभ्यास सुरू झाला तो निर्वासितांच्या वाटांचे असे सिम्युलेशन करणाऱ्या ‘फ्ली’ या खुल्या संगणक प्रणालीपासून. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातील डायना सुलेमेनोव्हा, डेव्हिड बेल आणि डेरेक ग्रोएन यांनी २०१७ मध्ये तिच्या आधारे बुरुंडी, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक आणि माली येथील संघर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिचे नियम थोडके आहेत: संघर्षाच्या ठिकाणी असलेला एजंट त्या दिवशी निघतोच, वाटेतल्या गावातून पुढे निघण्याची शक्यता रोज ०.३ असते, छावणीत पोहोचल्यावर ती ०.००१ इतकी उरते, आणि अनेक वाटा समोर असतील तर जवळची निवडली जाण्याचा संभव अधिक असतो. एवढ्या भांडवलावर, सुरुवातीचे १२ दिवस सोडले तर, ७५ टक्क्यांहून अधिक निर्वासित कोणत्या छावणीत पोहोचतील हे बरोबर सांगता आले.

बुरुंडीची मांडणी मी स्वतः पुन्हा करून पाहिली, तेव्हा टांझानियातील न्यारुगुसु छावणीचा आलेख नोंदींच्या खूपच खाली राहू लागला. दोन आठवडे मी कोडमधली चूक शोधत होतो. चूक कोडमध्ये नव्हतीच. टांझानियातीलच न्दुता ही दुसरी छावणी निर्वासितांसाठी ऑक्टोबर २०१५ मध्ये पुन्हा उघडली. मी मात्र ती मे महिन्यापासूनच नकाशावर ठेवली होती, आणि माझे एजंट पाच महिने अशा जागी जात होते जिथे त्यांना कोणी घेतलेच नसते. त्या दिवसापासून प्रत्येक छावणीची उघडण्याची तारीख, क्षमता आणि सीमा बंद राहिल्याचे दिवस मी वेगळ्या वहीत लिहून ठेवतो, आणि मगच कोडला हात लावतो.

या प्रणालीची मर्यादाही आरंभीच समजून घ्यावी. एकूण किती माणसे देश सोडतील हे ती सांगत नाही. तो आकडा संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या नोंदींतून घेतला जातो आणि ती माणसे कुठे वाटली जातील एवढेच काढले जाते. एकूण आकड्याचे भाकीत फार कठीण असते. २००४ मध्ये युरोपीय संघाचा विस्तार होण्यापूर्वी नव्या सदस्य देशांतून ब्रिटनमध्ये दरवर्षी निव्वळ ५,००० ते १३,००० माणसे येतील असा अंदाज होता. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट आली. जर्मनीने या देशांतील कामगारांसाठी आपली श्रमबाजारपेठ बंदच ठेवली, हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते. शेजारच्या देशाचा निर्णयही मॉडेलचाच भाग असतो, असे माझे ठाम मत त्यामुळे झाले आहे.

अशी सिम्युलेशन करण्यासाठी, प्रोग्रॅमिंग नवीन असेल तर नेटलोगो या सोप्या साधनापासून आणि पायथन येत असेल तर मेसा या पायथनमधल्या साधनापासून सुरुवात करावी. एकच मांडणी निदान शंभर वेळा चालवावी, म्हणजे तिची शंभर आवर्तने करावीत. एकाच आवर्तनाचा आलेख मार्गदर्शकांना दाखवू नये, कारण त्यात योगायोग किती हे सांगता येत नाही. आखाती स्थलांतरात रस असेल, तर केरळमध्ये १९९८ पासून होत आलेली स्थलांतर सर्वेक्षणे आधी वाचावीत, कारण त्यांत गेलेल्यांबरोबर परतलेल्यांचीही नोंद आहे आणि परतीच्या वाटेचे नियम लिहायला तीच लागते. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. लोकसंख्याशास्त्राचा पाया घालण्यासाठी तिच्या अभ्यासक्रमांचा जरूर विचार करावा.