दोन अर्थांचं वाक्य आणि पाच वर्षांचं पोर: या चुका टाळा

सांगलीतल्या कुठल्याही बालवाडीत हे ऐकू येईल. ताई म्हणतात, "सगळ्यांनी डबा संपवला नाही." मोठ्यांना कळतं, दोघातिघांचा राहिलाय. एक पोर मात्र उसळून म्हणतं, "मी संपवला की!" ते उलट बोलत नाहीये. त्यानं वाक्य 'कुणीच संपवला नाही' असं घेतलंय.

इथं हमखास होणारी चूक म्हणजे तेच वाक्य आवाज चढवून पुन्हा म्हणणं. आवाज वाढला म्हणून दुसरा अर्थ पळून जात नाही. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवर अगदी याच धर्तीचे प्रयोग झालेत. तीन घोड्यांपैकी दोघांनीच कुंपण ओलांडलं, तरी 'सगळ्या घोड्यांनी कुंपण ओलांडलं नाही' हे पाचेक वर्षांच्या बहुतेक मुलांना खोटं वाटलं. आधी 'सगळ्यांनी ओंडका ओलांडला, पण...' असं म्हटलं, तेव्हा बरीच मुलं योग्य अर्थाला आली. म्हणून ताईंनी म्हणावं, "भाजी सगळ्यांनी खाल्ली, पण चपाती काहींची राहिली."

"समोर दिसतंय तरी कळत नाही?" ही दुसरी चूक, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. संदर्भ तोंडानं सांगितला तर मुलं तो धरतात. नुसता समोर पडलेला असेल तर बऱ्याचदा नाही. 1999 साली भाषा-संशोधक ट्रूस्वेल आणि सहकाऱ्यांनी पाच वर्षांच्या मुलांसमोर खेळण्यातले दोन बेडूक ठेवले, त्यातला एक नॅपकिनवर. नॅपकिनवरचा बेडूक डब्यात ठेवायचा होता. इंग्रजी वाक्यरचनेत सुरुवातीला 'बेडूक नॅपकिनवर ठेव' असा भास होतो. दोन बेडूक बघून मोठी माणसं सावरली. मुलं मात्र बेडूक दुसऱ्या, रिकाम्या नॅपकिनवर नेऊ लागली.

आपल्याकडे 'वरचा', 'तला' यांनी हा घोटाळा टळतो. पण "लाल फुलांची परडी आण" म्हटलं तर लाल काय, फुलं की परडी? "परडी आण, लाल फुलं आहेत ती," म्हणा, झालं. 'त्याची वही' म्हणण्यापेक्षा सरळ नाव घ्या.

क्रियापद शेवटी येतं, तोवर पोर थांबेल, या भरवशावरही राहू नका. कोरियन भाषेतही क्रियापद शेवटीच येतं. तिथल्या चार-पाच वर्षांच्या मुलांनी सुरुवातीच्या प्रत्ययावरून धरलेला 'नॅपकिनवर ठेव' असा अर्थ शेवटी 'उचल' ऐकूनही सोडला नाही, असं 2010 च्या अभ्यासात दिसलं. तेव्हा "गणपती पेठेतनं आणलेल्या पिशवीतला डबा आत्याला..." असली मालगाडी नको. आधी पिशवी दाखवा, मग डबा, मग आत्या.

"समजलं का?" हे तर विचारूच नका, उत्तर 'हो'च येणार. "आता काय करणार, सांग बघू," असं विचारा.

एकाच अर्थाची साधी वाक्यंही वारंवार चुकत असतील, तर आधी कान तपासून घ्या. मिरज जवळच आहे, तिथं डॉक्टरांना काय तोटा!