ऐकता ऐकता लिहायला लागलेल्यांसाठी

कविता लिहायची आहे, सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं की "भरपूर वाचा" हे उत्तर ठरलेलं असतं. सल्ल्यात खोट काढायला जागा नाही, पण ज्याला आज रात्रीच काहीतरी लिहायची खुमखुमी आहे त्याच्या तो उपयोगाचा नाही. मी म्हणतो, तुम्हाला शंभरेक मराठी गाणी तोंडपाठ असतील तर तुमची बरीचशी तयारी आधीच झालेली आहे. आता तीच गाणी हातात कागद घेऊन ऐका.

मी अकोल्यात औषधांच्या दुकानात काउंटरला असतो. दुकानात रेडिओ दिवसभर चालू. साहित्याशी संबंध म्हणाल तर शाळेतल्या मराठीच्या पुस्तकापुरता, गाण्यांचा नाद मात्र लहानपणापासून. आता मुशायऱ्यात, म्हणजे कवींनी एकत्र जमून रचना वाचायच्या मैफलीत, गझल वाचतो, दोन-चार रचनांना चाली लागल्या आहेत आणि पोट औषधांवरच चालतं. हे शेवटचं आधीच सांगून टाकलं, म्हणजे "यात करिअर आहे का" हा प्रश्न निकालात निघाला.

पहिलं काम, एक वही घाला. रेडिओवर गाणं लागताना निवेदक गीतकार, संगीतकार, गायक अशी तिन्ही नावं घेतात. मोबाइलवर बहुतेक वेळा गायकाचं नाव आणि फोटो दिसतो, कवीचा पत्ता नसतो. ही तिन्ही नावं वहीत उतरवत गेलात की थोड्याच दिवसांत गंमत कळते. आपण ज्याला आवाजाचं वेड समजत होतो ते पुष्कळदा एखाद्या लेखणीचं वेड निघतं. आरती प्रभू आणि ग्रेस हे दोघंही कवी माझ्यापर्यंत हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींतून आले. ग्रेस यांची कविता मी थेट पुस्तकातून उघडली असती तर दुसऱ्या पानावर मिटून ठेवली असती. चालीमुळे ओळी आधी कानात बसल्या, अर्थ सावकाश आला, काही ठिकाणी अजून यायचाय. रसिकाला ही सवलत असते. सगळं कळलंच पाहिजे असा धाक त्याच्यावर नसतो, आणि लिहायला लागल्यावर हा निर्धास्तपणा कामाला येतो.

आता कागद. एक ओळ घ्या आणि तिची लगावली, म्हणजे लघु-गुरू अक्षरांचा क्रम, मांडा. ऱ्हस्व अक्षर लघु, दीर्घ अक्षर गुरू. लघूसाठी 'ल', गुरूसाठी 'गा'. लघूनंतर जोडाक्षर आलं आणि त्यामुळे आधीच्या अक्षरावर आघात पडला तर तो लघु गुरू होतो. 'तुम्ही', 'कुऱ्हाड' अशा शब्दांत आघात पडत नाही, म्हणून तिथे 'तु' आणि 'कु' लघूच राहतात. सुरुवातीला मनाच्या श्लोकांची पहिली ओळ घ्या, सगळ्यांना येते. मना सज्जना भक्तिपंथेचि जावे. 'म' ल, 'ना' गा, 'स' पुढे 'ज्ज' आल्यामुळे गा. पुढे 'ज्ज' ल, 'ना' गा, 'भ' पुन्हा जोडाक्षरामुळे गा. मग 'क्ति' ल, 'पं' अनुस्वारामुळे गा, 'थे' गा. शेवटी 'चि' ल, 'जा' 'वे' गा गा. लगागा, लगागा, लगागा, लगागा. हे भुजंगप्रयात वृत्त. दोनशेच्या वर श्लोक याच चालीत आहेत आणि आपण शाळेत ते नुसते घोकत होतो!

नवख्यांना इथे एक अडचण हमखास येते. बोलताना आपण 'रात' असं म्हणतो की 'त' अर्धाच ऐकू येतो. वृत्तात त्या 'त'ला पूर्ण लघु धरावं लागतं. म्हणून मनातल्या मनात वाचून वृत्त कळत नाही, टेबलावर बोटं वाजवत मोठ्याने म्हणावं लागतं. दुकानात गिऱ्हाईक नसलं की माझं हेच चालतं. समोरच्या झेरॉक्सवाल्याला मी तबला शिकतोय असं वाटतं.

मला गझलेकडे ओढलं ते सुरेश भटांच्या 'गझलेची बाराखडी'ने. नव्याने लिहिणाऱ्यांसाठी त्यांनी लिहिलेली ही छोटी पुस्तिका. भट आमच्या शेजारच्या अमरावतीचे, १९३२ सालचा जन्म. मराठीत गझल त्यांच्या आधी कवी माधव जूलियनांनी आणली होती, पण ती घराघरांत गेली ती भटांमुळे, आणि घराघरांत जाण्यात चालींचा नि आवाजांचा वाटा मोठा. बाराखडीतले नियम तासाभरात वाचून होतात. दोन ओळींचा एक शेर, प्रत्येक शेराच्या शेवटी जसाच्या तसा येतो तो रदीफ, त्याच्या आधीचा यमकाचा शब्द काफिया, आणि काफियात कायम राहणारा स्वर म्हणजे अलामत. पहिल्या शेरात, म्हणजे मतल्यात, दोन्ही ओळींत काफिया-रदीफ सांभाळायचे. पुढच्या शेरांत फक्त दुसऱ्या ओळीत.

माझाच एक मतला उदाहरणाला घेतो. वृत्त आनंदकंद, म्हणजे गागालगा लगागा दोनदा. गाऱ्हाण्यापासून प्रेमापर्यंत काहीही पेलणारं वृत्त आहे, नवख्याने इथूनच सुरुवात करावी. पहिला खर्डा असा होता:

गावात आज माझ्या पाऊस फार झाला
वारा दुपारचाही हलकेच गार झाला

वृत्त बिनचूक, 'हलकेच'मधले 'ह' आणि 'ल' हे दोन लघु मिळून एक गुरू धरलाय. 'झाला' रदीफ, 'फार', 'गार' काफिये, 'आ' अलामत. नियमांत काहीही खोट नाही आणि तरी हा शेर नाही, हवामान खात्याचं बातमीपत्र आहे. पहिल्या ओळीने जे उभं केलं त्याचंच दुसरी ओळ शेपूट ओढतेय. मग दुसरी ओळ बदलली:

गावात आज माझ्या पाऊस फार झाला
डोळ्यांतला कळेना केव्हा पसार झाला

फार मोठा शेर आहे असा दावा नाही. पण आता पहिल्या ओळीनंतर ऐकणारा थांबतो, पुढे काय म्हणून बघतो, आणि दुसरी ओळ त्याला भलतीकडे नेते. मुशायऱ्यात पहिली ओळ दोनदा वाचायची पद्धत याचसाठी आहे. वृत्त सरावाने जमतंच. ही दुसरी ओळ कशी सुचते ते कुठलीच पुस्तिका सांगत नाही. त्याला उपाय एकच, दुसरी ओळ पाच-सहा प्रकारे लिहून काढायची आणि सगळ्यात आधी सुचलेली बहुधा फेकून द्यायची.

गाण्यासाठी लिहिणं हे आणखी वेगळं प्रकरण. आमच्याकडे एक काका आहेत, पेटी वाजवतात, चाली बांधतात, वय झालंय पण सुराला पक्के. माझं एक गीत त्यांनी घेतलं. मुखडा झाला, पहिला अंतरा झाला, दुसऱ्यात वरच्या षड्जावर, म्हणजे वरच्या 'सा'वर आले आणि पेटी थांबवली.

"इथं 'अस्तित्व' लिहिलंस बाबू?"

"हो काका. अर्थाला तोच शब्द लागतो."

"अर्थ राहू दे. मला इथं तोंड उघडायला जागा दे. 'स्तित्व'वर मी आवाज लावू कुठं?"

त्यांनी तो शब्द गाऊन दाखवला आणि खरंच, सूर दातांत अडकला. गायकाला लांबवायला आ, ए, ओ असे मोकळे स्वर लागतात. जोडाक्षरं खालच्या पट्टीत, भरभर जाणाऱ्या ओळीत खपतात, तिथे तर ती ठसकाही देतात. ठेहराव असतो, म्हणजे सूर धरून थांबायचं असतं, तिथे ती टाळायची. मी त्या जागी 'जगणे माझे' असं घातलं, काकांनी 'झे'वर सूर धरला आणि पुढे गेले. त्या दिवसापासून मी आवडती गाणी वेगळ्या कानाने ऐकतो. गायिका कुठल्या अक्षरावर थांबते आणि ते अक्षर तिथे कवीने ठेवलंय की संगीतकाराने ओढून आणलंय, हे शोधत बसतो. हा खेळ तुम्हीही खेळून बघा, वहीची अर्धी पानं यातच भरतील.

चाल आधी आणि शब्द मागून असंही करावं लागतं. संगीतकार नुसतं 'ललाला' गुणगुणून देतो आणि आपण त्या मापाचे शब्द बसवायचे. बरेच कवी याला कमी लेखतात. मला तो उत्तम व्यायाम वाटतो. एखाद्या ओळखीच्या चालीवर पूर्ण वेगळ्या विषयाचे शब्द बसवा, कुणाला दाखवू नका, फाडून टाका. हात मोकळा होतो.

आणखी एक व्यायाम गीतरामायणातून उचललेला. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक अशी छप्पन्न गाणी गदिमांनी लिहिली आणि सुधीर फडक्यांनी बांधली. पुढचा आठवडा दारात उभा असताना लिहायचं, आणि बोलणारं पात्र सारखं बदलणारं. आपण हौशी मंडळी कायम 'मी' आणि 'तू' यांतच फिरत राहतो. एकदा स्वतःला सोडून लिहा. बसस्थानकावरच्या कंट्रोलरच्या तोंडी, कापूस विकून परत निघालेल्या माणसाच्या तोंडी. वेळ आठ दिवस, एकही जास्त नाही.

लिहिलेलं न्यायचं कुठे? गावातल्या वाचनालयाचं कविसंमेलन, गझलेचा मुशायरा, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनातला कविकट्टा, म्हणजे कविता वाचायचा मंच. कविकट्ट्यावर ऐकणाऱ्यांत निम्मे स्वतःचा नंबर यायची वाट बघणारे असतात, हे मनाशी धरून जा. वाचण्याआधी कवितेची पार्श्वभूमी सांगत बसू नका. दोन कविता सांगितल्या असतील तर दोनच वाचा, वाट बघणारे पुढच्या वेळी त्यासाठीच तुमचं नाव लक्षात ठेवतात. छापायचं असेल तर दिवाळी अंकांकडे पावसाळ्यातच पाठवा, नवरात्रात पाठवून काही होत नाही. धुळ्यात सुरू झालेलं 'कवितारती' हे नियतकालिक केवळ कवितेला वाहिलेलं. तिथे पाठवण्याआधी त्याचे अंक वाचा.

"प्रातिनिधिक कवितासंग्रहात तुमची कविता निवडली आहे, सहभाग शुल्क अमुक, दहा प्रती घ्याव्या लागतील" असा निरोप नव्या कवीला कधी ना कधी येतोच. सोबत सन्मानचिन्ह आणि फेटाही असतो. त्या पैशांत चांगले पाच-सहा संग्रह विकत येतात.

हक्कांचं थोडक्यात. आपल्याकडे कवीच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क वारसांकडे राहतात. कवी भा. रा. तांबे १९४१ मध्ये गेले, त्यांची कविता कुणीही चालीत बांधू शकतो, मात्र कुणी आधी बांधलेली चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगळे. गदिमांच्या शब्दांवर २०३७ अखेरपर्यंत, भटांच्या शब्दांवर २०६३ अखेरपर्यंत परवानगी लागणार. "श्रद्धांजली म्हणून केलंय" हे कारण चालत नाही.

आणि तुमच्या शब्दांना कुणी चाल लावली तर साधा का होईना, लेखी कागद करा. कविता कुठली, कशासाठी दिली, गीतकार म्हणून नाव कुठे कुठे लागणार, एवढं त्यात असू दे. २०१२ च्या कायदादुरुस्तीपासून ध्वनिमुद्रणात वापरलेल्या गीताच्या रॉयल्टीतला गीतकाराचा वाटा करारात लिहून काढून घेता येत नाही. ही रॉयल्टी गोळा करणारी संस्था म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, लोक आयपीआरएस म्हणतात. पहिल्या गाण्याला त्यातून चहाचे पैसेही सुटणार नाहीत. तरी ओळखीतला माणूस आहे म्हणून कागद टाळू नका, आणि त्याबद्दल चाल ऐकायच्या आधीच बोला. एकदा स्वतःचे शब्द गाण्यात ऐकले की माणूस कशावरही सही करतो.