माथेरानची सहल सांगता सांगता इंग्रजीतला भूतकाळ

इंग्रजीतला भूतकाळ पक्का करायचा असेल तर क्रियापदांचे तक्ते जरा बाजूला ठेवा आणि स्वतःची झालेली एखादी सहल घ्या. मी बदलापूरला संध्याकाळी मोठ्या माणसांचा इंग्रजी बोलण्याचा वर्ग घेते. दवाखान्यात रिसेप्शनला बसणाऱ्या मुली, दुकान सांभाळणारे, परदेशातल्या नातवंडांशी फोनवर बोलता यावं म्हणून येणारे काका-काकू, असे सगळे एका बाकावर असतात. 'गो, वेन्ट, गॉन' बहुतेकांना शाळेपासून पाठ असतं. तरी 'रविवारी काय केलंत, इंग्रजीत सांगा' म्हटलं की बोलणं अडतं, कारण पाठ केलेल्या रूपांचा उपयोग करून आपली स्वतःची गोष्ट कधी सांगितलेलीच नसते.

सहल फार लांबची नको. आमच्या वर्गात माथेरान चालतं, कारण त्याच्या पायथ्याचं नेरळ बदलापूरहून तिसरं स्टेशन आणि माथेरान जवळजवळ सगळ्यांचं पाहून झालेलं. तुम्ही महाबळेश्वर घ्या, गणपतीपुळे घ्या, शेगाव घ्या. फक्त त्या सहलीत काहीतरी घडलेलं असावं. गाडी चुकली, पाऊस आला, कुणी रुसलं, असं काहीही चालेल. नुसतं 'मजा आली' यावर दुसरं वाक्य सुचत नाही.

पहिलं वाक्यच नीट बसवायचं, कारण आपल्या मराठी माणसांचा पाय तिथेच अडकतो. 'मी गेल्या रविवारी माथेरानला गेलो होतो' हे मराठीत अगदी बरोबर आहे. गेलो आणि परतही आलो, म्हणून आपण 'होतो' लावतो. तेच उचलून इंग्रजीत नेलं की होतं 'आय हॅड गॉन टु माथेरान लास्ट संडे', आणि ऐकणारा पुढची गोष्ट ऐकायला थांबतो. गेला होता, मग काय झालं? इंग्रजीतला 'हॅड' भूतकाळात उभं राहून आणखी मागे पाहण्यासाठी असतो. इथे मागे पाहण्यासारखं काहीच नाही. म्हणून माझ्या वर्गात पक्का नियम आहे: गोष्टीच्या पहिल्या वाक्यात 'हॅड' नाही. 'आय वेन्ट टु माथेरान लास्ट संडे.' संपलं.

आता घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंतची सगळी सहल याच साध्या भूतकाळात सांगायची. वाक्यं छोटी ठेवा. 'वी टुक द कर्जत लोकल. वी गॉट ऑफ अ‍ॅट नेरळ. वी टुक अ टॅक्सी टु दस्तुरी नाका. देन वी वॉक्ट टु अमन लॉज अँड टुक द शटल.' माथेरानात मोटारगाड्यांना बंदी असल्यामुळे टॅक्सी दस्तुरी नाक्यापर्यंतच जाते, पुढे अमन लॉज स्टेशनवरून छोटी रेल्वे, म्हणजे शटल; असा हा प्रवास टप्प्याटप्प्याचा होतो आणि प्रत्येक टप्प्याला एक नवं क्रियापद मिळतं. म्हणूनच मला ही सहल फार आवडते. एकदा सांगून झालं की लगेच दुसऱ्यांदा सांगा, पण कागद न बघता.

यात एक मोठी सोयही आहे. मराठीत 'तो चढला, ती चढली, ते चढले' असं क्रियापद बदलत जातं. शिवाय 'मी चहा घेतला' आणि 'मी चिक्की घेतली' यांतही फरक. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'क्लाइम्ड', सगळ्याला एकच 'टुक'. लक्ष ठेवायचं ते फक्त 'वॉज' आणि 'वेअर'वर.

मग जोडीदाराला प्रश्न विचारायला सांगा. 'डिड यू सी द लेक?' 'येस, वी सॉ शार्लट लेक.' 'डिड यू टेक अ हॉर्स?' 'नो, वी डिडन्ट टेक अ हॉर्स. वी वॉक्ट.' 'डिड यू वेन्ट' हे तोंडातून येतंच, अगदी चांगलं इंग्रजी बोलणाऱ्यांच्याही. भूतकाळ 'डिड'ने एकदा दाखवला की पुढचं क्रियापद मूळ रूपात यायचं. हे समजावून फारसं पचत नाही. प्रश्न-उत्तर, प्रश्न-उत्तर असं भरभर करत राहिलं की 'डिड यू गो'ला 'आय वेन्ट' आपोआप येऊ लागतं.

उच्चाराचं इथेच पाहून घ्या. आपण 'वॉकेड', 'स्टॉपेड' म्हणतो, कारण शाळेत स्पेलिंग पाठ करताना तसंच म्हटलेलं असतं. मूळ क्रियापदाचा शेवट क, प, स, श, च, फ अशा आवाजाने होत असेल तर पुढे फक्त 'ट' लागतो: वॉक्ट, स्टॉप्ट, रीच्ट. शेवटी ट किंवा ड असेल तरच 'इड' ऐकू येतो: वॉन्टिड, स्टार्टिड, व्हिझिटिड. बाकी सगळीकडे नुसता 'ड': क्लाइम्ड, स्टेड, एन्जॉइड. वहीत हे उच्चार बिनधास्त देवनागरीत लिहा. आपल्या लिपीत ते नेमके लिहिता येतात, त्याचा फायदा घ्या.

दुसरी पायरी मोबाइलमधल्या फोटोंची. एक फोटो उघडायचा आणि तो निघाला त्या क्षणी काय चाललं होतं ते सांगायचं. 'द सन वॉज राइझिंग. पीपल वेअर टेकिंग सेल्फीज. माय सिस्टर वॉज ड्रिंकिंग टी.' हे सोपं आहे, मराठीत 'पीत होती' तसंच इंग्रजीत. खरी गंमत चालू असलेल्या गोष्टीत मध्येच दुसरं काही घडतं तेव्हा येते. आमच्या वर्गात रिसेप्शनवरच्या मुलीने अमन लॉजच्या फलाटावरचा फोटो दाखवला आणि म्हणाली, 'वी वेटेड फॉर द शटल अँड मंकी वॉज टेकिंग माय चिक्की.'

मी विचारलं, 'अगं, माकड किती वेळ घेत होतं चिक्की?'

'वेळ कसला मॅडम, झटक्यात नेली!'

'आणि तुम्ही किती वेळ थांबला होतात?'

'बराच वेळ.'

शेजारचे काका म्हणाले, 'म्हणजे वाक्य उलटं झालं.' आणि तिनेच दुरुस्त केलं: 'वी वेअर वेटिंग फॉर द शटल व्हेन अ मंकी टुक माय चिक्की.' लांबत चाललेलं काम 'वॉज-वेअर'मध्ये, झटक्यात झालेलं साध्या भूतकाळात. तुमच्या सहलीतही असा एक झटका शोधा. पाऊस कोसळला, चप्पल तुटली, फोन वाजला, काहीही.

आता 'हॅड'. तो वापरायचा तर गोष्टीत पुढे जाऊन मग मागे वळावं लागतं. 'वी रीच्ट नेरळ अ‍ॅट टेन. द मिनी ट्रेन हॅड लेफ्ट.' आम्ही पोहोचलो, पण गाडी त्याआधीच गेली होती. 'व्हेन वी रीच्ट द हॉटेल, दे हॅड गिव्हन अवर रूम टु समबडी एल्स.' दोन घटना, त्यातली आधीची नंतर सांगितली, तर आधीचीला 'हॅड'. सगळं घडलं त्याच क्रमाने सांगत असाल तर 'हॅड'ची गरजच पडत नाही.

माथेरानचा इतिहासही याला छान लागू पडतो. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली माथेरानला गेला आणि पुस्तकांत त्याने ते 'शोधलं' असं लिहिलेलं असतं. पण ठाकर, धनगर, कातकरी त्या डोंगरावर कितीतरी आधीपासून राहत होते. मी वर्गाला हे इंग्रजीत मांडायला सांगते: 'मॅलेट केम इन १८५०. पीपल हॅड लिव्ह्ड ऑन दॅट हिल लाँग बिफोर ही केम.' इथे 'हॅड' काढून बघा. आधी कोण होतं हे ठसठशीत सांगणारा शब्दच निघून जातो. माझ्या मते 'हॅड' शिकवायला यापेक्षा चांगलं वाक्य मिळणार नाही.

'हॅव'चा सराव प्रश्नांच्या खेळातून करा. 'हॅव यू एव्हर बीन टु रायगड?' 'येस, आय हॅव.' लगेच दुसरा प्रश्न: 'व्हेन डिड यू गो?' 'आय वेन्ट इन २०१९. वी टुक द रोपवे.' आयुष्यात कधीतरी केलंय, इतकंच सांगायचं तोवर 'हॅव'. वर्ष, वार, 'लास्ट दिवाळी', 'यस्टरडे' आलं की 'हॅव' निघून साधा भूतकाळ येतो. मराठीत 'मी रायगड दोन वर्षांपूर्वी पाहिलाय' असं आपण सहज म्हणतो, म्हणून 'आय हॅव सीन रायगड टू इयर्स अगो' तोंडी येतं. ते टाळा. आणि 'बीन' व 'गॉन' यांचा घोळ नको: 'ही हॅज बीन टु गोवा' म्हणजे गोवा पाहून आला, 'ही हॅज गॉन टु गोवा' म्हणजे अजून तिकडेच आहे. दारात कुणी तुमच्या यजमानांची चौकशी केली तर हा फरक फार कामाचा!

काका-काकूंचा आवडता भाग 'यूज्ड टु'चा. उच्चार 'यूस्टु'. मराठीतलं 'जायचो, खायचो, पोहायचो' इथे हुबेहूब बसतं. 'वी यूज्ड टु गो टु माय मामाज हाउस इन संगमेश्वर एव्हरी मे. वी यूज्ड टु ट्रॅव्हल बाय एसटी ऑल नाइट.' मग मी विचारते, रेल्वेने का नाही? 'द कोकण रेल्वे ओपन्ड इन द नाइन्टीज. बिफोर दॅट, देअर वॉज नो ट्रेन.' पहा, सवय 'यूज्ड टु'मध्ये आणि एकदाच घडलेली गोष्ट साध्या भूतकाळात, दोन्ही एकाच गोष्टीत आली. माथेरानवाल्यांनाही हे जमतं: नेरळची छोटी रेल्वे १९०७ साली सुरू झाली, त्याआधी 'पीपल यूज्ड टु गो अप ऑन फूट ऑर ऑन हॉर्सबॅक'. या भागाला मी मुद्दाम जास्त वेळ देते. मे महिन्याच्या सुट्टीबद्दल बोलताना माणसं चुकायला घाबरत नाहीत, आणि न घाबरता बोलणं सुरू झालं की बाकीचे काळही सुटे होतात.

घरी एकट्याने करायचं असेल तर रोज रात्री एकच फोटो घ्या आणि त्याची गोष्ट मोबाइलवर रेकॉर्ड करा. मिनीटभराची पुरे. दुसऱ्या दिवशी ऐकताना सगळ्या चुका शोधू नका, एका दिवशी एकच गोष्ट तपासा. आज 'डिड'नंतरचं क्रियापद, उद्या 'इड'चे उच्चार. 'हॅड'च्या दिवशी प्रत्येक 'हॅड'पाशी रेकॉर्डिंग थांबवा आणि विचारा, हे कशाच्या आधी झालं? उत्तर गोष्टीत सापडलं तर वाक्य तसंच राहू द्या. नाही सापडलं, तर तेच वाक्य साध्या भूतकाळात मोठ्याने पुन्हा म्हणा आणि रेकॉर्डिंग पुढे चालू करा.