एका सेमिस्टरसाठी स्टुटगार्टला येणाऱ्यांसाठी

हे मी जर्मनीत, स्टुटगार्टच्या युनिव्हर्सिटीत, फक्त एका सेमिस्टरसाठी एक्स्चेंजवर येणाऱ्या मुलामुलींसाठी लिहितेय. दोन वर्षं मास्टर्सला येणाऱ्यांना ग्रुप असतात, सीनियर असतात आणि मुख्य म्हणजे हातात वेळ असतो, एखादं काम राहिलं तरी पुढच्या सेमिस्टरला करता येतं. तुम्हाला पुढची सेमिस्टरच नाहीये. दर ऑक्टोबरला बघते, हुशार पोरं येतात आणि डिसेंबर उजाडेपर्यंत कागदांच्याच मागे पळत असतात, मग नाताळची सुट्टी, मग परीक्षा, की निघायची वेळ. म्हणून माझं एकच सांगणं, कामं योग्य क्रमाने करा आणि पहिल्या महिन्यात उरका, म्हणजे बाकीचे महिने खरंच तुमचे राहतील.

सगळ्यात आधी तारखा, तिकीट काढायच्याही आधी. इथली विंटर सेमिस्टर कागदावर 1 ऑक्टोबर ते 31 मार्च असते, लेक्चर्स ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होऊन फेब्रुवारीत संपतात आणि परीक्षा त्याच्यानंतर, अगदी मार्चपर्यंत चालतात. आणि आपल्याकडे कॉलेजची पुढची सेमिस्टर जानेवारीत सुरू होते. समर सेमिस्टरला आलात तरी तेच, एप्रिल ते जुलै लेक्चर्स, परीक्षा ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत जाऊ शकतात आणि तिकडे जुलैत वर्ग सुरू झालेले असतात. ही टक्कर बहुतेकांना इथे आल्यावर कळते. एचओडींशी निघायच्या आधीच बोला, अटेंडन्सचं काय करायचं, इंटर्नल परीक्षा कधी द्यायच्या, सगळं लेखी घ्या, तोंडी 'बघू आपण' वर जाऊ नका. लर्निंग अ‍ॅग्रीमेंटचंही, म्हणजे इथे कुठले विषय घेणार याच्या लेखी कराराचंही, तसंच. पूर्ण सेमिस्टर म्हणजे इथे 30 ईसीटीएस (युरोपातली क्रेडिट मोजायची पद्धत) क्रेडिट, एका क्रेडिटमागे साधारण 25 ते 30 तासांचा अभ्यास धरलेला असतो. यातलं आपलं कॉलेज किती आणि कुठल्या विषयाच्या बदल्यात मान्य करणार हे सहीशिक्क्यानिशी हातात असू द्या. इथे येऊन विषय बदलावा लागला (लागतोच बऱ्याचदा, टाइमटेबल जुळत नाही) तर त्याच आठवड्यात तिकडे मेल टाकून नवीन सही मागवा.

व्हिसाबद्दल थोडक्यात. तीन महिन्यांपेक्षा जास्त राहायचं म्हणजे नॅशनल व्हिसा लागतो, शेंगेन टुरिस्ट व्हिसा चालत नाही. पैशांची सोय दाखवायला ब्लॉक्ड अकाउंट (पैसे आधीच भरून ठेवायचे, दर महिन्याला ठरलेली रक्कमच सुटते), सध्याचा हिशोब महिन्याला 992 युरो, वर्षाचे 11,904, तुम्ही जितके महिने राहणार तितक्याचे धरा, स्कॉलरशिप असेल तर तेवढी रक्कम कमी होते. पासपोर्ट हातात आला की स्टिकरवरची शेवटची तारीख आणि शेवटच्या परीक्षेची तारीख शेजारी शेजारी ठेवून बघा. व्हिसा आधी संपत असेल तर परदेशी लोकांच्या ऑफिसची अपॉइंटमेंट आल्या आल्याच मागा, मोठ्या शहरांत ती लगेच मिळत नाही.

आता खोली. स्टुडिएरेंडनवेर्क म्हणजे विद्यार्थ्यांची होस्टेलं चालवणारी संस्था, तिच्या होस्टेलला अर्ज अ‍ॅडमिशन पक्की झाली त्याच दिवशी टाका, एक्स्चेंजवाल्यांसाठी काही खोल्या असतात पण त्या संपतात. नाही मिळाली तर घाबरू नका, एका सेमिस्टरवाल्यांना एक फायदा आहे जो कोणी सांगत नाही. इथली जर्मन मुलंही सेमिस्टरसाठी बाहेरगावी, बाहेरदेशी जातात आणि तेवढ्या महिन्यांपुरती आपली खोली सामानासकट भाड्याने देतात, याला 'त्स्विशनमीटे' म्हणतात. पलंग, टेबल, भांडी सगळं आयतं मिळतं. फक्त दोन गोष्टी विचारा. भाडं 'वार्म' आहे का 'काल्ट', म्हणजे हीटिंग वगैरे धरून आहे का नाही, आणि त्या पत्त्यावर शहर नोंदणी करता येईल का. नोंदणीला नाही म्हणाले तर खोली कितीही छान असू दे, सोडा. आणि कोणी म्हणालं की मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, चावी पोस्टाने येईल, तर तिथेच बोलणं थांबवा, ती फसवणूकच असते.

पत्ता मिळाला की बाकीचा क्रम आपोआप लागतो. घरमालकाकडून राहत असल्याचा सही केलेला फॉर्म घ्यायचा, तो घेऊन दोन आठवड्यांच्या आत 'आनमेल्डुंग' म्हणजे शहर नोंदणी, ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे दर महिन्याला सुटायला बँक खातं, आणि त्याच पत्त्यावर पुढचं सगळं पोस्टाने येणार. पोस्टाने म्हणजे खरंच कागदी पोस्टाने. बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड, टॅक्स नंबर, सगळं. म्हणून खोलीत पाऊल टाकलं की बॅग उघडायच्याही आधी खाली जाऊन लेटरबॉक्सवर आपलं आडनाव लावा, पासपोर्टवर आहे तसंच. इथे फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन नाव वाचून पत्र टाकतो, नाव नसेल तर पत्र परत जातं आणि तुम्ही दोन आठवडे वाट बघत बसता. नोंदणीनंतर काही दिवसांनी रेडिओ-टीव्हीच्या फीचं पत्र येईल, महिन्याला 18.36 युरो, टीव्ही नसला तरी भरावी लागते. ते पत्र फेकू नका. फी घरामागे एक असते, त्यामुळे शेअर फ्लॅटमध्ये आधीच कोणी भरत असेल तर त्याच्या फीच्या खात्याचा नंबर कळवला की झालं.

हेल्थ इन्शुरन्स तिशीच्या आतल्यांनी शक्यतो सरकारी स्टुडंटवालाच घ्या. त्याची नोंद इन्शुरन्स कंपनी थेट युनिव्हर्सिटीला ऑनलाइन पाठवते आणि ती पोचल्याशिवाय एनरोलमेंट पूर्ण होत नाही. स्वस्त म्हणून खाजगी घेतलात की त्या शिक्षणापुरतं सरकारीत परत येणं फार अवघड जातं. सुरुवातीच्या दिवसांसाठी ट्रॅव्हल इन्शुरन्स वेगळा. रात्री-सुट्टीच्या दिवशी डॉक्टर हवा असेल तर 116117, जिवावरचं असेल तर 112, हे दोन्ही आत्ताच फोनमध्ये टाका. नेहमीच्या गोळ्या प्रिस्क्रिप्शनसकट आणा, अँटिबायोटिक इथे चिठ्ठीशिवाय मिळत नाही.

अभ्यासाचं बघू. अटेंडन्सचा धाक बहुतेक विषयांना नसतो, रोजच्या असाइनमेंटचे मार्क नसतात, बऱ्याच ठिकाणी सगळा विषय शेवटच्या एका परीक्षेवर. त्यामुळे नोव्हेंबरात सगळं निवांत वाटतं, ते खरं धरू नका. आणि हे नीट लक्षात ठेवा, वर्गात बसलात म्हणजे परीक्षेला बसलात असं होत नाही. परीक्षेची नोंदणी वेगळी, पोर्टलवर, सेमिस्टरच्या मधेच काही आठवडे खिडकी उघडते आणि बंद होते, ती चुकली तर बसता येत नाही. मार्क 1.0 म्हणजे उत्तम आणि 4.0 म्हणजे जेमतेम पास, हे घरीही आधीच सांगून ठेवा. लेक्चर संपलं की सगळे टेबलावर बोटांनी टकटक करतात, ती टाळ्यांची इथली पद्धत आहे. मला ती आजही आवडते, शिकवणाऱ्याला रोज दाद मिळते.

इंजिनीअरिंगवाल्यांचं कॅम्पस फाइहिंगेनला, शहराच्या वरच्या अंगाला, एस-बानचं (लोकल ट्रेनचं) स्टेशनच 'युनिव्हर्सिटेट' नावाचं. स्टेशनवर गेट नाहीत पण तपासनीस येतात आणि विनातिकीट सापडलात तर 60 युरो. डॉइचलांडटिकिट (देशभरच्या लोकल आणि साध्या गाड्यांचा महिन्याचा पास) 2026 पासून महिन्याला 63 युरो आहे, 27 वर्षांच्या आतल्या स्टुडंट्सना बाडेन-वुर्टेमबेर्गमध्ये, म्हणजे स्टुटगार्टच्या राज्यात, त्याचाच स्वस्त प्रकार मिळतो, पण घेताना किती महिन्यांची बांधिलकी आहे ते वाचा. या तिकिटावर साध्या गाड्यांनी ट्युबिंगेन होतं, एसलिंगेन होतं, उल्म होतं (आइन्स्टाइनचं जन्मगाव, आणि तिथल्या चर्चच्या मनोऱ्यावर चढून जाता येतं). आयसीईत (लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीत) मात्र ते चालत नाही.

घरातल्या सवयींमध्ये स्टुटगार्टची खास गोष्ट म्हणजे 'केअरवोखे'. एक दिवस दाराच्या हँडलला छोटी पाटी लटकलेली दिसेल, म्हणजे या आठवड्यात जिना झाडण्या-पुसण्याची पाळी तुमची. काही बिल्डिंगमध्ये समोरचा फुटपाथही येतो. आठवडा संपला की पाटी शेजारच्या दाराला लावायची. हे न बोलता करून टाका, शेजारच्या आजी जिन्यात 'ग्रुस गॉट' (इथला नमस्कार) म्हणायला लागतील आणि पुढे कुरिअर ठेवून घ्यायलाही त्याच उपयोगी पडतील. रात्री दहानंतर आवाज नाही, रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारी दूध-भाजी आणून ठेवा. थंडीतही रोज पाच-दहा मिनिटं खिडकी सताड उघडायची, नाहीतर भिंतीला बुरशी धरते आणि ती डिपॉझिटमधून कापली जाते. फोडणी करताना तर उघडाच, छताला स्मोक अलार्म असतो.

खाण्याचं सामान आणताना तूप, पेढे, खवा आणू नका, दूध-मांसाचे पदार्थ बाहेरून आणायला युरोपात बंदी आहे. गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी एवढं आणा, बाकी तांदूळ, डाळी, पोहे, ज्वारीचं पीठसुद्धा इथल्या इंडियन दुकानात मिळतं. बिनमिठाचं बटर कढवलं की घरचं तूप तयार, आणि 40 टक्के फॅटचं क्वार्क (घट्ट दह्यासारखं ताजं चीज) फडक्यात रात्रभर टांगलं तर श्रीखंड अगदी चक्क्यासारखं होतं, वेलची-केशर मात्र घरून आणा. नवलकोल इथे भरपूर मिळतो. मेन्सात (युनिव्हर्सिटीच्या कँटीनमध्ये) शाकाहारी जेवण रोज असतं. फक्त इथली मसूर आणि श्पेट्झले (अंडं घातलेल्या जाडसर नूडल्स) ही डिश आमटीसारखी दिसली तरी बहुतेक वेळा सॉसेजसकट येते, आधी विचारा.

नोव्हेंबरबद्दल मनापासून सांगते. घड्याळ ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, भारताशी फरक साडेतीनवरून साडेचार तासांचा होतो, डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो. या दिवसांत बरीच मुलं खोलीत बसून फक्त घरी फोन करतात आणि आपल्याच चार जणांबरोबर जेवतात. आपली माणसं हवीतच, गणपती-दिवाळीला मराठी मंडळी भेटतात तिथे जरूर या. पण आठवड्यातली एक संध्याकाळ तरी दुसऱ्यांबरोबर ठेवा. युनिव्हर्सिटीच्या हॉखशूलश्पोर्टमध्ये (खेळांच्या विभागात) थोड्या पैशांत बॅडमिंटनपासून क्लाइंबिंगपर्यंत कोर्स असतात, नोंदणी सुरू झाली की पटकन भरतात म्हणून तारीख बघून ठेवा. टँडेम पार्टनर शोधा, तुम्ही इंग्रजी-हिंदी बोला, तो जर्मन बोलेल. ए1 (जर्मनची पहिली पातळी) येत असेल तर मोडकंतोडकं बोला, लोक थांबून ऐकतात. आणि दुपारी उजेड असेपर्यंत रोज बाहेर चालून या, जॅकेट चांगलं घ्या पण इथे येऊन घ्या.

निघायच्या आधीचं काम येण्याइतकंच महत्त्वाचं. शहर नोंदणी रद्द करायची (निघण्याच्या एक आठवडा आधीपासून करता येते), त्याचा कागद दाखवून रेडिओ फी बंद, मग इन्शुरन्स, महिन्याचं तिकीट, सिम, जिम, प्रत्येकाला लेखी कळवायचं, नुसते पैसे भरणं थांबवलं म्हणजे कॉन्ट्रॅक्ट संपत नाही. ट्रान्सक्रिप्ट सगळे निकाल लागल्यावरच निघतं, त्याला वेळ लागतो, म्हणून ते कुठल्या मेलवर पाठवायचं हे इंटरनॅशनल ऑफिसला सांगून या आणि कॉलेजलाही तशी कल्पना द्या. खोलीचे फोटो काढा, घरमालकाबरोबर हँडओव्हरच्या कागदावर दोघांच्या सह्या घ्या. डिपॉझिट परत यायला काही महिने लागू शकतात, तोपर्यंत इथलं बँक खातं बंद करू नका.