सॅक आधी उंबऱ्याबाहेर

गुहेत किंवा गडावरच्या देवळात मुक्काम असेल, तर परत आल्यानंतरची तयारी निघायच्या आदल्या रात्रीच करून ठेवा. रविवारी रात्री अकराला घरी पोचल्यावर कुणाच्याच अंगात त्राण नसतं. सॅक तशीच, आत शिरलेल्या पिसवांसकट पलंगाखाली सरकते. मग आठवड्याभराने घोट्यांवर गांध्या उठायला लागल्या की आठवतं, त्या रात्री शेळ्यांच्या लेंड्या बाजूला सारून आपण पथारी पसरली होती आणि गडावरचं कुत्रं पायाशी येऊन झोपलं होतं. माझं हेच झालं, त्यात घरात मांजर. निस्तरायला दीड महिना लागला.

तर निघताना दाराबाहेर एक जुनी बादली ठेवायची. तिच्यात कचऱ्याच्या जाड काळ्या पिशव्या तीन-चार, चिकटपट्टी, भांडी घासायचं लिक्विड आणि एक जुनी पांढरी चादर. अंगावर चढवायला धुतलेले कपडेही दारापाशीच हवेत, कारण ट्रेकचे कपडे बाथरूममध्येच उतरवून पिशवीत जाणार आहेत. पिशवीचं तोंड बांधायचं ते थेट मशीनपाशीच सोडायचं. सॅक, कॅरीमॅट, स्लीपिंग बॅग उंबऱ्याच्या आत येत नाहीत. घरातले कुरकुरतील, त्यांना आधीच सांगून ठेवा.

दुसऱ्या दिवशी उजेडात पहिलं काम म्हणजे शहानिशा. गच्चीवर पांढरी चादर अंथरून तिच्यावर स्लीपिंग बॅग झटका. पिसू दोन-तीन मिलिमीटरची, तपकिरी, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी असते आणि बोट जवळ नेलं की टुणकन उडते. ढेकूण वरून चपटा असतो, त्याला उडी मारता येत नाही, तो शिवणीत दडून बसतो. ढेकूण निघाला तर ही यादी पुरायची नाही, ते प्रकरण वेगळं. एकही जीव दिसला नाही पण मिरपुडीसारखे काळे कण पडले, तर ते ओल्या पांढऱ्या कागदावर घ्या. तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे सुकलेलं रक्त. त्यांच्या अळ्या त्यावरच पोसतात.

उडणारी पिसू मारली की संपलं असं वाटतं, तिथेच आपण फसतो. तिची अंडी कशाला चिकटत नाहीत, घरंगळून फटीत आणि शिवणीत जातात. अळ्या उजेड टाळून धुळीत राहतात, आणि पुढे त्यांचे कोष होतात ते इतके चिकट की भोवतालची धूळ अंगावर घेऊन दिसेनासे होतात. फवारा कोषाच्या आत पोचत नाही. आतली पिसू महिनोन्‌महिने थांबू शकते आणि ऊब, हादरा किंवा श्वास जाणवला की बाहेर येते. बरेच दिवस बंद असलेल्या खोलीत पाय ठेवताच पिसवा तुटून पडतात त्या यामुळे. म्हणून फवाऱ्याच्या डब्यापेक्षा व्हॅक्यूम क्लीनर यादीत वर हवा. स्वतःचा नसेल तर शेजाऱ्यांकडे आधीच शब्द टाकून ठेवा.

सुती चादरी, अभ्रे, स्लीपिंग बॅगचं आतलं अस्तर साठ अंशांच्या पाण्यात धुवायचं. गोधडीचा रंग जाणार असेल तर एकटी धुवा, पण पाणी कढतच हवं. तिच्या टाक्याटाक्यांत दडायला जागा असते. कापसाची गादी धुता येत नाही, तिच्या कडा व्हॅक्यूमने काढून दोन-तीन दिवस कडक उन्हात टाकायची. फायबरच्या स्लीपिंग बॅगचं लेबल वाचा, बऱ्याच बॅगांना गरम पाणी चालत नाही. मग मऊ साबण, थंड पाणी आणि भरपूर वाळवण. पक्ष्यांची पिसं भरलेली बॅग असेल तर तिच्यासाठीचा वेगळा साबण आधीच आणून ठेवा. पावसाळ्यात ऊन मिळत नाही आणि दमट हवा पिसवांना मानवते, तेव्हा ड्रायर असलेली लॉन्ड्री शोधून ठेवलेली बरी. कॅरीमॅट साबणाच्या पाण्याने पुसली की झालं.

तंबूला मात्र गरम पाणी आणि ड्रायर दोन्ही वर्ज्य, वरचा लेप सुटतो. गच्चीवर उभा करा, कोपरे आणि शिवणी व्हॅक्यूमने काढा, स्पंजने पुसा, पूर्ण वाळल्यावरच घडी घाला. उन्हात आठवडाभर ठेवू नका, नायलॉन विरतं. सॅकचे सगळे कप्पे उलटे करा. कमरेच्या पट्ट्याची आतली बाजू सगळे विसरतात. व्हॅक्यूमची पिशवी लगेच बांधून बाहेरच्या कचऱ्यात.

घरात मांजर किंवा कुत्रं असेल तर पशुवैद्याची वेळ आधीच घ्या. कुत्र्याचं औषध मांजराला कधीही लावू नका. त्यातल्या काहींत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं आणि ते मांजराच्या जिवावर बेततं. तंबूवर मारायच्या फवाऱ्याचंही लेबल त्यासाठी वाचायचं. कडुनिंबाचा पाला उशाशी ठेवायला माझी ना नाही, मीही ठेवते; भरवसा मात्र ठेवत नाही. डांबरगोळ्या स्लीपिंग बॅगेत टाकू नका, रात्रभर तोच वास नाकात जातो.

गुहेत मेलेले उंदीर दिसले तर तिथे पथारी पसरूच नका. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, तो उंदरांवरच्या पिसवा पसरवतात हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्ये कराचीत दाखवलं. ट्रेकनंतर आठ-पंधरा दिवसांत ताप आला तर कुठे झोपला होतात ते डॉक्टरांना आपणहून सांगा.

आता कॅलेंडर. उबदार, दमट हवेत अंड्यापासून पिसू व्हायला साधारण तीन-चार आठवडे लागतात, तेव्हा एकदा झाडून भागत नाही. महिनाभर एक दिवसाआड व्हॅक्यूम, दर आठवड्याला अंथरूण धुणं. रात्री जमिनीवर ताटात साबणाचं पाणी घालून वर छोटा दिवा लावा, उड्या मारून त्यात पडतात. महिना सरला की गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे चढवून खोलीभर सावकाश फिरा. मोज्यांवर एकही काळा ठिपका चढला नाही, तरच स्लीपिंग बॅग माळ्यावर जाईल.