फिरता ॲनिमनी स्थिरावला: खोट क्षारतेत होती

खाऱ्या पाण्याच्या टाकीतला बबल-टिप ॲनिमनी (दगडाला चिकटून राहणारा, फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) दगड सोडून काचेवर फिरू लागला, की आधी वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह तयार करणारा पंप) झाका. ॲनिमनी त्यात ओढला गेला तर त्याच्या चिंध्या होतात आणि त्या सडून टाकीतले मासेही दगावू शकतात. मी पंपाच्या जाळीवर मोठ्या छिद्रांचा स्पंज केबल टायने बांधला. तो दर आठवड्याला धुवावा लागतो, नाहीतर प्रवाह मंदावतो.

भटकण्याचं मूळ मात्र क्षारतेत निघालं. वाफ होऊन पाणी उडतं, मीठ मागे राहतं. क्षारता पाण्याच्या विशिष्ट घनतेवरून मोजतात. काट्याचा हायड्रोमीटर (ही घनता दाखवणारं साधं साधन) १.०२५ दाखवत होता, कॅलिब्रेट केलेल्या (आधी अचूक जुळवून घेतलेल्या) रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे प्रकाशाच्या वळण्यावरून क्षारता मोजणाऱ्या साधनावर, १.०२९! काट्यावर मिठाचा थर चढला, की आकडा कमी दिसतो. रोज थोडं खारं पाणी काढून तेवढंच आरओ-डीआय (क्षार काढून शुद्ध केलेलं) पाणी घातलं, दिवसाला ०.००१ एवढीच उतरण ठेवली. घाई केली तर ॲनिमनी आक्रसतो. १.०२५ ला थांबलो. आता टॉप-अपला, म्हणजे उडालेल्या पाण्याची भर घालायला, फक्त गोडं पाणी.

मग दिव्याखाली, मध्यम प्रवाहात, खोल फटीचा दगड ठेवला. ॲनिमनीला पाय (तळाचा चिकटणारा भाग) आत खोवता आला पाहिजे. चिकटलेला पाय कधीच उचकटू नका, फाटल्यास जखम सडते. ॲनिमनीचं तोंड घट्ट मिटलेलं असेल तर चिंता नाही. ते उघडं, लोंबतं राहिलं आणि कुजका वास आला, तर ॲनिमनी ताबडतोब बाहेर काढा.