अडकलेला डिझेल फिल्टर सोडवताना

डिझेल गाडीचा डब्यासारखा फिल्टर हेडखाली, म्हणजे त्याच्या ॲल्युमिनियमच्या बैठकीखाली, फिरवून बसवलेला असतो. तो अडकतो तो बहुतेक वेळा मागच्या वेळी बसवणाऱ्याच्या कृपेने. तो रबर रिंग कोरडीच लावतो, वरून फिल्टर पान्याने आवळतो. मग हजारो किलोमीटर इंजिनाची धग खाऊन रिंग ॲल्युमिनियमच्या हेडला चिकटते. आटे क्वचितच जाम असतात, त्यामुळे गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर वाट बघण्यात फारसा अर्थ नाही. फोडायची आहे ती रबराची पकड.

नवा फिल्टर हातात आल्याशिवाय जुन्याला हात लावू नका. इंदूरच्या छोटी ग्वालटोली बाजारात पार्ट घ्यायला जाताना गाडीचं मॉडेल आणि वर्ष लिहून न्या; डबे सारखे दिसतात, पण आटे किंवा रिंगचा व्यास वेगळा निघतो. फिल्टर काढायचा पट्टा किंवा चेनचा पाना त्याच फेरीत घेऊन टाका.

इंजिन कोमट असावं. डिसेंबरातल्या सकाळी पाच मिनिटं चालू ठेवून बंद करा, मे महिन्यात इंदुरात त्याचीही गरज नाही. मात्र रबर मऊ करायला हीट गन किंवा बर्नर अजिबात नको. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. खाली अल्टरनेटर, स्टार्टर किंवा बेल्ट येत असेल तर त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधा, कारण डिझेल ठिबकणारच. फिल्टरच्या तळाला पाण्याचा सेन्सर असेल तर त्याचा कनेक्टर आधी काढा, नाहीतर डब्याबरोबर तारही पिळली जाते. तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून आतलं डिझेल वेगळ्या भांड्यात काढून घ्या.

आता दिशा. बरेच जण इथेच फसतात. फिल्टर खालून पाहिला तर तो घड्याळाच्या उलट फिरवून सुटतो. पण आपण बॉनेटवर वाकून वरून पाहत असतो, आणि वरून तीच दिशा घड्याळाच्या काट्याची दिसते. "सुटतच नाही" म्हणून दहा मिनिटं झटणारा माणूस कित्येकदा तो आवळत असतो. डब्यावर मार्करने बाण काढून ठेवा.

डबा साबणाच्या पाण्याने पुसून कोरडा करा. तेलकट पत्र्यावर पट्टा घसरतो. तरीही घसरला तर मध्ये पॉलिश पेपरची पट्टी दुमडून घाला, खरखरीत बाजू दोन्हीकडे. पट्टा बसवायचा तो अगदी वर, हेडला लागून. तिथे आत जाड प्लेट असते, पत्रा दबत नाही. पोटावर बसवला की डबा चेपतो, आणि चेपलेला डबा कोणत्याच पान्याला नीट धरू देत नाही. सावकाश दाबत राहण्यापेक्षा छोटा, ठाम झटका द्या. पकड सुटली की हाताला कळतं. पुढे तो हातानेच फिरतो.

डब्यातून आरपार स्क्रू ड्रायव्हर ठोकण्याची युक्ती सगळ्यांना माहीत असते. ती शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. पत्रा फाटला तर हेडला फक्त वरची प्लेट चिकटून राहते, मग तिची कड बोथट छिन्नीने तिरकी ठोकत फिरवावी लागते. छिन्नी हेडच्या तोंडाला लागू देऊ नका. बहुतेक गाड्यांत इथे पंप डिझेल ओढत असतो, म्हणून तिथला ओरखडा बाहेर ठिबकत नाही, हवा आत घेतो; आणि सकाळी गाडी सुरू होत नाही.

फिल्टर निघाल्यावर हेडवर बोट फिरवा. जुनी रिंग तिथेच चिकटून राहिली असेल आणि तिच्यावर नवी चढली, तर गाडी हमखास हवा धरते. आट्यांचा मधला दांडा जुन्या फिल्टरबरोबर सुटून आला असेल तर तो परत हेडमध्ये घट्ट करा. जुना सेन्सर नव्या डब्याला लावायचा असेल तर त्याची ओ-रिंग बदला.

नव्या रिंगला स्वच्छ डिझेलचं बोट लावा. फिल्टर हाताने फिरवत न्या, रिंग हेडला टेकली की त्यापुढे साधारण पाऊण फेरा, बस. डब्यावर वेगळा आकडा छापला असेल तर तो पाळा. पाना इथे वापरायचा नाही. मधल्या भोकातून कॅनमधलं डिझेल ओतून फिल्टर भरू नका; ते भोक गाळलेल्या बाजूचं असतं, तिथली घाण सरळ इंजेक्टरपर्यंत जाते. आतली हवा काढायला हँड पंप (डिझेल ओढणारा हाताचा छोटा पंप) कडक लागेपर्यंत दाबा. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर बॅटरी जोडल्यावर इग्निशन चार-पाच वेळा चालू-बंद करा. स्टार्टर एका दमात दहा सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा.

पेट्रोल गाडीचं तंत्र वेगळं. नव्या गाड्यांत फिल्टर बहुधा टाकीतच पंपाबरोबर असतो, तो खाली शोधत बसू नका. बाहेर असेल तर पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा; लाइनमध्ये तीन-चार बार दाब असतो. फिल्टरला पाइप धरून ठेवणारी क्लिप अडकते ती पावसाळ्यातल्या काळ्या मातीने. आधी ब्रशने आणि पाण्याने ती धुवा, पाइप फिल्टरकडे किंचित ढकला, मग क्लिप दाबून ओढा.

जुना फिल्टर उलटा ठेवून निथळवा, पिशवीत बांधा आणि कचरा गाडीच्या घातक कचऱ्याच्या कप्प्यात द्या, सुक्यात नाही.